मानेवरचा मळ

आईने चिंगीचं डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि तारेची घासणी तिच्या मानेवरून फिरवली. चिंगी किंचाळली. आईने आणखी साबण लावला.

"हललीस तर बघ!"

मानेभोवती काळपट, जाडसर पट्टा होता. काखेतही तसाच. साबण, लिंबू, दगड, सगळं करून झालं होतं. आज शाळेतल्या बाईंनी वर्गासमोर तिची कॉलर दोन बोटांनी ओढून विचारलं होतं, घरी पाणी येत नाही का? मुलं हसली. सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्या मुलीचं तोंड चिंगीने बाकावर आपटलं, आणि आईला शिवणाच्या कारखान्यातून बोलावून घेतलं गेलं.

चिंगी नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून हे नाव. आता तिला आईचे कुडते बसत होते. येता-जाता खायची, ताट उचललं की पुन्हा भूक. चिंगी कसली, देवमासा झालाय, असं गल्लीत म्हणायचे.

घासणी लाल झाली तरी आई थांबली नाही. दार वाजलं तेव्हा थांबली.

बाप ट्रकच्या गॅरेजात फिटर होता. ग्रीसचे हात तसेच घेऊन तो मोरीपाशी आला. पाण्यात रक्त होतं.

"माझ्या पोरीला सोलतेस?"

त्याने आईचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ नळावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून आईने स्वतःचं मनगट दातांत धरलं. चिंगी उठून बापाच्या दंडाला चावली. तोंडात ग्रीस गेलं, रक्त गेलं, तरी तिने सोडलं नाही. त्याने तिला भिंतीवर झटकलं. मग तो जेवायला बसला. वाढायला लवकर कुणी उठेना, तेव्हा त्याने रिकामं ताट फेकलं. शेवटी आईच उठली.

दोन दिवसांत मानेवर पू धरला, अंगात ताप चढला. तिघं दवाखान्यात गेली. आईच्या कपाळाची सूज अजून उतरली नव्हती.

"आत तोंड आवरून बोल," बाप म्हणाला.

मुलासोबत एकालाच आत सोडत होते. तो बाहेर बाकावर बसला.

डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी जखम धुतली, भोवतालची काळी कातडी बोटांनी चाचपली, काख पाहिली.

"हा मळ नाहीये. घासून जायचा नाही."

"मग?"

"शरीरात इन्सुलिन तयार होतं. खाल्लेली साखर ते कामाला लावतं. हिचं शरीर त्याचं नीट ऐकत नसावं, म्हणून ते जास्तच तयार होतं आणि कातडी अशी दिसते. काखेत केसही लवकर आलेत. रक्त तपासू. जन्माचं वजन किती होतं?"

"दीड किलो."

"दिवस पुरे भरले होते?"

"जवळजवळ."

डॉक्टरांनी मान हलवली. "पोटातच तुटवडा पडला की बाळाचं शरीर साठवायला शिकतं. पुढे खायला भरपूर मिळालं तरी काहींची ती सवय सुटत नाही. ही हावरट नाही हो. ह्यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला सांगा, गरोदरपणी काय झालं होतं? आजारपण? कुठे लागलं वगैरे?"

"पायऱ्यांवरून पडले होते," आई म्हणाली. वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं. "चक्कर यायची. दोन-तीनदा पडले."

डॉक्टर तिच्या कपाळाकडे पाहत राहिल्या. मग त्या पोरीकडे वळल्या.

"मान कुणी घासली गं, बाळा?"

"मीच."

"मागे हात पोचतो तुझा?"

"पोचतो की. आंघोळ करताना जोरात घासली गेली. आईने तर थांबवलं मला."

आई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. पोरीचा आवाज कुठे अडखळला नव्हता. शेवटी तिने हलकंसं हसूही जोडलं होतं, समोरच्याने पुढे विचारू नये म्हणून. असं हसायला तिला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं.

दारावर थाप पडली. "झालं का?" बाहेरून बापाचा आवाज आला.

आई उठली. तिने दाराला आतून कडी लावली आणि परत येऊन बसली.

"मान मी सोलली, डॉक्टर," ती म्हणाली. "आणि मी पडले नव्हते."

चिंगीचा चेहरा एकदम उतरला. टेबलाखालून तिने आईचा हात धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला, गप्प बस म्हणून.

आई बोलत राहिली.