गाजराने मोडलेल्या लाटा

मी एक जुना लेखनिक आहे, मित्रांनो. पण माणसं तोंडाने बोलतात ते मी लिहीत नसे. डोक्याला तारा चिकटवल्या की मेंदूतले तरंग माझे आठ टाक सरकत्या कागदावर उतरवत. आता माझी शाई वाळली आहे आणि ॲडलेडच्या एका इस्पितळाच्या तळघरात मी मोडक्या खुर्च्यांशेजारी उभा आहे. असो. रडगाणं गायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही.

माझी खोली म्हणजे डॉक्टर लिंडनरबाईंचं राज्य. सकाळच्या चहाला त्यांचा मित्र डेन्झिल हटकून यायचा. तो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा आणि बाईंची बिस्किटं संपवायचा.

"मन म्हणून वेगळं काही नसतंच, बाई," तो म्हणे. "दिवा लागला म्हणजे तारेतून वीज वाहतेय. आत कोणी दिवेवाला बसलेला नसतो!"

"मला तार दिसते, बाबा. उजेड कसा वाटतो ते तारेकडे बघून कळतं का?" बाई विचारत. मग जी जुंपायची! मला मोठी गंमत वाटे.

पण एके दिवशी डेन्झिलची थोरली बहीण ऊना हिलाच माझ्याकडे आणलं आणि माझी गंमत विरली. मेंदूच्या देठाशी रक्त गोठून ती कोसळली होती. हात हलत नव्हता, पापणी उघडत नव्हती. मोठ्या डॉक्टरांचं मत पडलं होतं, की ऊनाला शुद्ध नाही. उपचार थांबवून दूरच्या शुश्रूषागृहात पाठवून द्या. तिचा नवरा क्लेम मूंटा या त्यांच्या खाणीच्या गावाहून आला होता. तो तिच्या कानाशी अखंड बोलत बसे.

डेन्झिल त्याला म्हणाला, "क्लेम, ऊना गेली रे. हे नुसतं शरीर आहे. कशाला उगाच घसा कोरडा करतोस?" हे तो तिच्या उशाशी उभा राहून बोलला.

"ती ऐकतेय," क्लेम म्हणाला. "चाळीस वर्षं बोलणी खाल्लीत मी तिची. मला कळतं."

लिंडनरबाईंनी तारा लावल्या. मित्रांनो, डोळे मिटून निवांत पडलेल्या माणसाच्या माझ्या कागदावर सारख्या, डौलदार लाटा उमटतात. त्याने मनाला ताण दिला की त्या मोडतात. ऊनाच्या लाटा छान येत होत्या. बाईंनी तिला बेरजा घातल्या, पण लाटा ढिम्म राहिल्या. क्लेम म्हणाला, "अहो, हिशेबाचा तिला पहिल्यापासून कंटाळा!"

मग तो आपला बोलत सुटला. "ऊना, चर्चच्या जत्रेला पेस्ट्या मीच भाजल्या बरं का. मांस घातलं, बटाटा घातला, कांदा, सलगम... आणि थोडं गाजर."

माझे आठही टाक थरथरले. लाटा पार विस्कटल्या!

पेस्टी म्हणजे मांस-भाजी भरून भाजलेली मोठी करंजी. मूंट्याच्या जुन्या खाणकामगार घराण्यांत तिच्यात गाजर घालणं म्हणजे आजीच्या नावाला काळिमा फासणं. ऊनाने तर गाजरवाल्या शेजारणीशी बोलणं टाकलं होतं.

"नुसतं शरीर दचकलं असेल," डेन्झिल म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला होता. बाईंनी क्लेमला तोच पाढा पुन्हा म्हणायला लावला, एकाच सुरात. बटाट्याला लाटा शांत राहिल्या, सलगमाला शांत राहिल्या, आणि गाजराला पुन्हा मोडल्या. बाई उठल्या, त्यांनी ऊनाच्या पापण्या हलकेच उचलल्या आणि म्हणाल्या, "ऊना, ऐकू येतंय ना? मग वर बघ."

बुबुळं वर गेली. क्लेम ढसाढसा रडला. शुश्रूषागृहाचा विषय तिथेच संपला.

डेन्झिल मात्र पांढराफटक पडला होता. तो तिच्याजवळ वाकला. "ताई, मी क्लेमला जे बोललो, ते तू ऐकलंस?"

बुबुळं पुन्हा वर गेली. डेन्झिलने तिच्या हातावर कपाळ टेकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. त्या माणसाची मला फार दया आली.

पुढे ऊना बोलू लागली, म्हणजे नर्स तिच्या पापण्या उचलून अक्षरं म्हणे आणि हवं ते आलं की ऊना वर बघे. डेन्झिल रोज येई. एकदा तो आणि बाई माझा तो जुना कागद पसरून वाद घालत बसले. गाजर ऐकून तिच्या मनात काय आलं असेल? "राग," डेन्झिल म्हणाला. "धक्का," बाई म्हणाल्या. मीही मनात म्हटलं, रागच. लिहिलं तर मीच होतं ना!

"अरे, ती काय परगावी गेलीय?" क्लेम खेकसला. "तिलाच विचारा की!"

नर्सने अक्षरं म्हटली. ऊनाने दोनच निवडली. घ आणि र.

घर! तिला आपलं स्वयंपाकघर, आपलं घर आठवलं होतं. डेन्झिलने कागद गुंडाळून ठेवला. मी तर खजील झालो. एवढा मोठा कागद रंगवला, पण त्यात घर कुठेच नव्हतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. नवी यंत्रं आली आहेत, ती माझ्याहून हुशार आहेत. एक दिवस त्यांना घरही दिसेल कदाचित. पण कोणी निपचित पडलं असेल, तर त्याच्या उशाशी ते तिथे नसल्यासारखं बोलू नका. त्याच्याशी बोला. आणि त्याच्या मनात काय आहे ते आम्हा यंत्रांना विचारण्याआधी त्यालाच विचारा.