दफाल्ला विचाराधीन आहे

आम्हा सुदानी लोकांत पाहुणा उठला की यजमानाने शपथ घालायची असते. "न जेवता गेलास तर माझ्या बायकोला तलाक!" एवढं ओरडलं की पाहुणा मुकाट्याने परत बसतो. दुसऱ्याचा संसार मोडल्याचं पाप डोक्यावर कोण घेणार? परक्या देशातल्या या बंदराच्या शहरात अशा शपथांसाठी सगळ्यांत बदनाम माणूस म्हणजे मी, अवद. एकदा तर मी रस्त्याने चाललेल्या एका मंत्र्याच्या गाडीला शपथ घातली. मंत्री ताफ्यासकट उतरला आणि जेवायला बसला. वालाची उसळ संपली तेव्हा आम्ही शेवटच्या गाडीचे टायर शिजवून वाढले, वर तिळाचं तेल सोडलं. मंत्र्याने दोनदा मागून घेतलं.

माझी बायको बतूल असल्या वेळी आतून म्हणायची, "एक दिवस कुणीतरी खरंच बसणार नाही, आणि मी सुटेन!"

पण सगळे बसायचे. सगळ्यांत आधी बसायचा दफाल्ला. तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवण संपायच्या आत तीन वेळा उगाच उठायचा. मी शपथ घातली की लहान मुलासारखा हसत खाली बसायचा.

"अरे माणसा, पाय दुखत नाहीत का तुझे?" मी विचारायचो.

"दुखतात. पण बतूलवहिनींचा संसार किती वेळा वाचवला याचा वर हिशेब होईल, तेव्हा कामी येईल."

दफाल्ला पालिकेच्या रोपवाटिकेत माळी होता. समुद्राकाठच्या रस्त्यावरचे कडुनिंब त्याने लावलेले. त्यातलं पहिलं रोप त्याने सुदानातल्या ओमदुरमानहून डोक्याच्या फेट्यात दडवून आणलं आणि बोटीवर स्वतःच्या वाट्याचा चहा पाजून जगवलं, असं मी सगळ्यांना सांगतो. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मी बतूललाही सांगितलेलं नाही.

त्याला मूलबाळ नव्हतं. बायको होती, सकीना, ती इथेच वारली आणि गावाबाहेरच्या कबरस्तानात तिला पुरलं. तिथे कबरीवर नाव नसतं, नुसता एक दगड. तसल्या शेकडो दगडांतला आपला दगड दफाल्ला डोळे मिटूनही ओळखायचा. शुक्रवारच्या नमाजानंतर तो तिथे जाऊन बसायचा, आठवड्याच्या बातम्या तिला सांगायचा आणि मग भुकेला होऊन आमच्याकडे यायचा. त्याचं या जगाकडे एकच मागणं होतं, तिच्या शेजारच्या मातीत जागा.

त्यासाठी त्याने कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला होता. इतकी वर्षं कामाचा परवाना दरवर्षी वाढवून मिळायचा. या वर्षी साहेब म्हणाले, वय झालं, आता नाही. माझं बरं आहे, मी मुलाच्या, हातिमच्या नावावर इथे राहतो. दफाल्ला कुणाच्या नावावर राहणार? परवाना संपायच्या आत अर्ज मंजूर व्हायला हवा होता.

मी त्याला घेऊन कचेरीत गेलो. खिडकीमागे एक तरणा मुलगा होता, फार गोड.

"काका, अर्ज विचाराधीन आहे," तो म्हणाला.

"दीड वर्ष?" मी म्हणालो. "अरे बाळा, एवढा विचार मी लग्नाआधीसुद्धा केला नव्हता. म्हणून तर फसलो."

तो हसला. मला जोर चढला. मी सांगितलं, हा दफाल्ला साधा माणूस नाही. याचे कडुनिंब मुळांनी शहर धरून बसलेत. याला काढलंत तर पुढच्या वादळात अख्खं शहर उडून समोरच्या किनाऱ्यावर, आमच्या सुदानात, जाऊन पडेल, मग तिथले लोक तुमच्याकडे परवाना मागतील! पोराच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. त्याने आम्हाला खजूर दिले, पाणी दिलं. मग डोळे पुसून म्हणाला, "काका, पण अर्ज विचाराधीन आहे."

"मग मी थांबतो," दफाल्ला म्हणाला.

"परवाना संपल्यावर थांबता येत नाही, काका."

"बरं, मग जातो. मंजुरी आली की बोलवा."

मुलगा खजुराच्या ताटलीकडे बघत राहिला. "मंजुरीच्या वेळी माणूस देशात असावा लागतो. गेलात तर अर्ज बंद होतो."

दफाल्लाने एक खजूर उचलून खिशात घातला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरगा चांगला आहे. बिचाऱ्याला फार वेळा तेच तेच बोलावं लागतं."

ओमदुरमानचं त्याचं घर लढाईत गेलं होतं. पोर्ट सुदानला एक भाची होती, तिच्याच घरात तीन कुटुंबं भरली होती. तिने कळवलं, ये मामा, दाराजवळ जागा करते.

तरी आम्ही वाट बघितली. हातिम रोज फोनवर अर्ज उघडून बघायचा. रोज तोच एक शब्द.

शेवटचा दिवस नेमका शुक्रवार होता. विमान संध्याकाळचं. दफाल्ला कबरस्तानातून परस्पर आमच्याकडे आला, धोतराएवढा लांब पांढरा फेटा नीट बांधून, हातात एकच पिशवी. बतूलने ज्वारीचे पोळीसारखे पातळ किसरे केले होते, भेंडीचं कालवण केलं होतं. आम्ही एका परातीत जेवलो. त्या दिवशी तो जेवताना एकदाही मधे उठला नाही. त्याला भीती वाटत असावी. मलाही वाटत होती.

परात आत गेली. हातिमने किल्ल्या उचलल्या.

"अवद," दफाल्ला म्हणाला, "शुक्रवारी सकीनाकडे जाशील? डावीकडून चौथी रांग, भिंतीकडचा दगड. तुझ्या थापा तिला आवडायच्या. पण माझं विचारलं तर थाप मारू नकोस. सांग, अजून विचाराधीन आहे."

"तुला काय सांगितलं तिने आज?"

"तिला काय बोलायचं असतं? ऐकून घेते." आणि तो उठला.

घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर न बोलावता जिभेवर येणारी शपथ त्या दिवशी आली नाही. घातली तर ती मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि ती मोडली तर शब्द माझा, पण तलाक बतूलचा.

दफाल्लाने चपला घातल्या. दाराशी आमच्याकडे पाठ करून जरासा थांबला.

"अबू हातिम," बतूल आतल्या दारातून मला म्हणाली, "तोंडात काय मूग भरलेत? घाला ना शपथ!"

"अगं, पण तो..."

"मला कळतं तो काय. बिनशपथेचा माणूस जाईल का या घरातून? घाला म्हणते ना!"

मी ओरडलो, आवाज चिरकला. "दफाल्ला! आज इथून गेलास तर माझ्या बायकोला तलाक!"

जेवणाची अट नाही, चहाची अट नाही. पळवाट म्हणून मी काही ठेवलंच नाही.

दफाल्ला वळला. चपला काढल्या, आत आला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. हसला नाही. "चहा टाका, वहिनी," म्हणाला.

बतूलने लवंग घालून चहा केला. तो प्यायला. पेल्यातली साखर बोटाने चाटली, तीही प्यायल्यासारखी सावकाश. खाली हातिमने गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

"वहिनी, माझ्यामुळे तुमचा संसार मोडतोय."

"मोडू दे," बतूल म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मनापासून शपथ घातली. तेवढं तरी ऐकायला मिळालं."

मग तो गेला. मी जिन्यापर्यंतही गेलो नाही. गेलो असतो तर हात धरला असता.

त्या रात्री बतूलने आपली गादी उचलून दुसऱ्या खोलीत नेली. "आता मी परकी बाई," म्हणाली, आणि भिंतीपलीकडून बराच वेळ तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. सकाळी मशिदीतल्या इमामाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, मनात तलाक नव्हता, माणसाला अडवायचं होतं. शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त द्या, दहा गरजूंना जेवू घाला." बतूलने दहा जणांचं रांधलं. समोरच्या बांधकामावरची माणसं आली आणि पोटभर जेवली. जेवण झाल्यावर त्यातला एक जण उठला. बतूल माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सांभाळून जा, बाबा."

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. बतूल गाडीत बसून राहिली. मी चौथ्या रांगेतला भिंतीकडचा दगड शोधला. तिथे एक खजुराची बी पडली होती, वाळलेली.

वाटेत मी बऱ्याच थापा रचल्या होत्या. दफाल्ला नाईलची मगर आणायला गेलाय, राजाने त्याला बागेत डांबून ठेवलंय, असलं काहीबाही. खाली बसलो तेव्हा त्यातली एकही बाहेर आली नाही.

"सकीना," मी म्हणालो, "अजून विचाराधीन आहे."

गुडघ्यांवर हात ठेवून उठलो. निघताना मागून कुणी शपथ घालेल म्हणून जरा थांबलो.