पुढच्या ओळीतला मागचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. सागवानी म्हणतो खरा, पण सागवान फक्त वरच्या फळीला. पाय साध्या लाकडाचे, आणि त्यातला एक तर आता विटेवर टेकवलेला आहे. इथल्या, सोलापुरातल्याच एका सुतारानं मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्यानं माझ्यावरून तळहात फिरवला होता, तेवढं कौतुक मला अजून पुरतंय.

माझी उमेदीची वर्षं सात रस्त्याजवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत गेली. शाळा झकपक होती, खोटं कशाला बोलू! पंखे होते, मोठं गॅदरिंग व्हायचं, बाईही मेहनती होत्या. पण तिथं एक रीत होती. चाचणीचे मार्क लागले की मुलांच्या जागा बदलायच्या. हुशार पुढे, कच्ची मागे. मी भिंतीला लागून, अगदी शेवटी. माझ्यावर बसलेल्या मुलांची मान वर झालेली मी क्वचितच पाहिली.

त्यांतलीच एक काव्या. घरी कानडी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. पोरीचा पार गोंधळ उडायचा. वाचताना ती ओळीखाली बोट धरायची, तर बाई म्हणायच्या, "बोट काढ. लहान बाळ आहेस का?" बोट काढलं की ओळ हरवायची आणि वर्ग हसायचा. अशाच एका दिवशी तिनं कर्कटकानं माझ्या फळीवर चांदणी कोरली. दुखलं मला, पण राग नाही आला.

शेवटी तिच्या आईला बोलावून सांगितलं, "तुमच्या मुलीला इथं झेपत नाही. दुसरी शाळा बघा." आई चंद्रव्वा कडक भाकरी करून विकते. माझ्यावरचं दप्तर उचलताना ती लेकीला म्हणाली, "आता कार्पोरेशनची शाळा. तितंबी न्हाय जमलं, तर दिवाळीनंतर नाव काढते. भाकरी थापायला बस माझ्यासंगं."

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत स्टीलचे बाक आले आणि आम्हां जुन्यांना महापालिकेच्या शाळेला देऊन टाकलं. टेम्पोतून उतरवताना माझा पाय मोडला. इथं पत्रा तापायचा, दोन वर्गांना मिळून एक खोली, शिकवायला एकटे गुरप्पा सर, आणि त्यांनाही मधूनच कुठल्यातरी सर्वेक्षणाला पिटाळायचे. सरांनी मला विटेवर टेकवून टेबलाजवळ ठेवलं, कारण फरशी तेवढीच सपाट होती.

शाळा सुरू झाली आणि दारात काव्या! ती सवयीनं थेट मागं गेली. मागं बाक नव्हता, तर भिंतीला टेकून खालीच बसली.

"अगं, पुढं बाक मोकळा हाय की," सर म्हणाले.

ती जवळ आली, चांदणी पाहिली आणि जागीच थिजली. "सर, हा... हा मागचा बाक आहे."

"असंल तिकडं मागचा. हितं पुढचा हाय. बा, कुंद्रु." ये, बस, असं सर कानडीत म्हणाले. घरातली भाषा शाळेत ऐकून पोरगी बघतच राहिली. मग बसली. वाचायला सांगितलं तेव्हा बोट ओळीखाली गेलं आणि दचकून मागे आलं.

"धर की बोट," सर म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

मला तर भरूनच आलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बोलल्याप्रमाणं, इथंही जमलं नसणारच असं धरून, चंद्रव्वा नाव काढायला आली. सर नेमके सर्वेक्षणाला गेलेले. खोलीत नुसता गलका असायला हवा होता. पण माझ्याजवळ उभी राहून काव्या धडा वाचत होती, बोट धरून, अडखळत, आणि दोन्ही वर्ग ऐकत होते. दारातल्या आईवर नजर गेली तशी तिनं पुस्तक मिटलं.

"मिटतीस कशाला?" चंद्रव्वा आत आली. पिठाचे हात पदराला पुसत माझ्या कडेला टेकली. "वाच की. मी बसते हितं."

मित्रांनो, मी अजून विटेवरच आहे, आणि पत्राही तसाच तापतो. त्याचं कुणीतरी बघायला हवं. पण तुमच्या वर्गात, मग तुमची शाळा कुठलीही असो, कुणी ओळीखाली बोट धरून वाचत असेल, तर हसू नका. त्याला पुढं बोलवा आणि धडा संपेपर्यंत थांबा. चंद्रव्वा थांबली होती.