पाठीवरच्या पट्ट्या

दिवाळी सरली तरी तिवशाजवळच्या त्या मळ्यात शेवंती फुलून होती. तोडणी आटोपून कुंदनची गाडी अमरावतीतल्या राजापेठेच्या बाजाराला निघत होती. त्याची बायको गीतांजली गोठ्यातल्या बाजेवर हार गुंफत बसली होती. घरात पाऊल टाकायची तिला मुभा नव्हती.

गेल्या पावसाळ्यात तिचा चेहरा, मान आणि हात लाल होऊन सुजले. मग कातडी काळी, जाड पडली आणि भेगांतून पाणी येऊ लागलं. गावात कुणीतरी 'महारोग' म्हटलं आणि सासू माणिकबाईंनी तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं. लहानग्या स्वराला आईजवळ जाऊ देईनात. गीतांजलीच्या हातचं पाणी कुणाला चालत नव्हतं. तिनं गुंफलेले हार मात्र बाजारात चालत होते.

"एकदा डॉक्टरले दाखवा," ती कुंदनला म्हणाली. "मंग जिथं सोडाचं तिथं सोडा."

त्या शब्दांनी कुंदनची मान खाली गेली. त्यानं तिलाही गाडीत घेतलं आणि बाजार आटोपल्यावर तिथल्याच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. डॉक्टरांनी कापूस फिरवून, टाचणी टोचून पाहिलं.

"महारोग नाही हा. पण कातडीला काहीतरी सोसत नाहीये. काय, ते शोधावं लागेल."

संशयित पदार्थांचे बारीक ठिपके ठेवलेल्या पट्ट्या त्यांनी तिच्या पाठीवर चिकटवल्या. ज्या ठिपक्याखाली कातडी उठेल, तो गुन्हेगार. "दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घामही नको. पट्ट्या भिजल्या तर पहिल्यापासून करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी धाकट्या दिराचं, नितेशचं साक्षगंध होतं; घरात साखरपुड्याची गडबड होती. सकाळीच माणिकबाई बादली घेऊन गोठ्यात आल्या. पाण्यात राख कालवलेली होती. गावातल्या महाराजांनी सांगितलं होतं, पाहुणे यायच्या आत सुनेला डोक्यावरून न्हाऊ घाला, नाहीतर संकट घरावर येईल.

"ऊठ. बस इथं."

"आत्याबाई, आज नाही. पाठीले पाणी चालत नाही."

"डाक्टरीण मोठी का देव मोठा? नाही म्हनशीन तं आत्ताच मायेरी चाल. पोरगी इथंच राहीन."

पोरीचं नाव निघालं की ती आजवर गप्प बसत आली होती. माणिकबाईंनी बादली उचलली. गीतांजली भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"टाका पाणी. मंग मी अशीच, ओल्या लुगड्यानं, पाहुन्यायच्या मधात येऊन बसतो. इचारतीन तं सारं सांगतो. पोरगी कोनी हिसकली तेही सांगतो."

बाहेर पाहुण्यांची गाडी थांबल्याचा आवाज झाला. दारात आलेल्या कुंदननं आईच्या हातातून बादली काढून घेतली आणि मातीत रिकामी केली. आईपुढे तो पहिल्यांदाच उभा राहिला होता. तो दारातून हलला नाही.

साक्षगंध पार पडलं. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा पाठ तपासली. बाकी कातडी स्वच्छ होती. फक्त दोन ठिकाणी लाल फुगवटा आणि बारीक फोड उठले होते. एक ठिपका शेवंतीचा, दुसरा बांधावर माजलेल्या गाजरगवताचा.

"हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "फुलं आणि ते गवत यांच्यापासून लांब राहा, औषध लावा. फरक पडेल."

बाहेर येऊन गीतांजली भिंतीला टेकून रडली. महिनोन्‌महिने घरच्यांनी तिला त्याच फुलांत बसवलं होतं.

दोघं घरी पोचले तेव्हा ओसरीवर नितेशच्या होणाऱ्या सासूबाई, आशाबाई, बसल्या होत्या. सुनेच्या 'महारोगा'चं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि सोयरीक मोडायच्या तयारीनंच त्या आल्या होत्या. कुंदननं निकाल सांगताच माणिकबाईंनी धावत जाऊन सुनेचा हात धरला. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच.

"पाहा इहीणबाई! आमच्या सुनेले फुलं सोसत नाही, बस. मारोग-फारोग काई नाही!"

गीतांजलीनं हात सोडवून घेतला. स्वराला उचलून पोटाशी धरलं.

"अन् असता तं, आत्याबाई?"

"काय?"

"मारोग असता तं? त्याच्यावरही औषध हाय, मानूस बरं होते, हे डॉक्टरबाईनं सांगतलं. पर माह्यी पाठ साफ निघाली म्हनून तुमी माह्या हात धरला. नसती निघाली तं मी गोठ्यातच मेली असती ना?"

माणिकबाई आशाबाईंकडे पाहून कसनुसं हसल्या. "बिमारीनं चिडचिडी झाली थे. तुमी चहा घ्या."

आशाबाईंनी कपबशी बाजूला सारली. त्यांच्या मुलीला, नीलमला, याच घरात नांदायचं होतं.

"चहा राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमची सून इचारून राहिली, थे सांगा. मलेही आयकाचं हाय."

माणिकबाईंनी घरच्यांकडे पाहिलं. ओसरीवर बसलेला एकही जण त्यांच्या मदतीला धावला नाही. गीतांजलीला गोठ्यात टाकताना त्यांच्यातल्या कुणीच अडवलं नव्हतं; उत्तर एकट्या माणिकबाईंनीच द्यायचं नव्हतं.