निम्म्या पैशांतली भाजी

"तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते," इंजेक्शनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली.

पालक इतका कोवळा, की देठ मोडला तर शेजारी ऐकू जावं. वांगी अशी तुकतुकीत, की भांग पाडायला आरशाची गरज नाही. भाजीवाल्यानं दुधीचा भाव सांगितला तेव्हा बाईंनी म्हणे नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो निम्म्यावर आला. तरी बाई पाहतच राहिल्या, तेव्हा शेजारच्या कांदेवाल्यानंही धसका घेऊन आपला भाव उतरवला. पलीकडच्या अंडीवाल्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. त्यानंही घाबरून एक अंडं बाईंच्या हातावर ठेवलं.

वहिनींनी ते अंडं कानाशी धरून हलवलं आणि नासकं आहे म्हणून बाजूला सारलं. अंडं चांगलं होतं. पण नणंदेच्या हातून काही चांगलं येऊ शकतं, हे मान्य करायला वहिनींची जीभ वळत नसे. भाऊ पेपरमागे होते. त्या घरात पेपर वाचण्यासाठी कमी आणि आडोशासाठी जास्त लागायचा.

बाईंनी तीस वर्षं एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. दवाखाना बंद पडला, पेन्शन नव्हतीच, आणि त्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या. वहिनींनी पहिल्याच दिवशी त्यांचा पेला वेगळा केला. पू-रक्तात बुडालेले हात, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि त्या हातांना पिठाच्या डब्याला शिवू देत नसत. तीन महिन्यांपूर्वी भाज्या कडाडल्या तेव्हा जेवता जेवताच त्यांनी जाहीर केलं, की तिसरं ताट परवडत नाही, वृद्धाश्रमात विचारून ठेवलंय, एक खाट रिकामी आहे. भाऊ पाणी प्यायले.

तेव्हा बाईंनी पैज लावली. भाजीचे निम्मे पैसे माझ्या हातात द्या, रोज ताजी भाजी आणते. ज्या दिवशी शिळी आली किंवा कमी पडली, त्या दिवशी माझी ट्रंक मीच भरीन. वहिनी आनंदानं कबूल झाल्या. त्यांच्या हिशेबानं हे आठ दिवसांचं काम होतं.

आता खरी गोष्ट. बाईंच्या नजरेला त्या बाजारात कुत्रंसुद्धा भीत नव्हतं. भाजीवाल्याच्या बायकोच्या टाचेला मधुमेहानं चिघळलेली जखम झाली होती आणि डॉक्टरांनी पाऊल कापायची भाषा काढली होती. बाई रोज उजाडता गाळ्यामागे बसून ती जखम धूत, पट्टी बांधत, आणि त्या बदल्यात भाजी निम्म्या भावात घेत. हे घरी कळतं तर वहिनींनी पालक पिशवीसकट खिडकीतून भिरकावला असता, आणि मागोमाग ट्रंक.

गाळ्यावरही काही प्रेमाचा बाजार नव्हता. तिसऱ्याच दिवशी भाजीवाल्यानं पिशवीच्या तळाशी कालची भेंडी सरकवली. बाईंनी ती एकेक करून बाहेर काढली आणि त्याच्यासमोर मांडली.

"शिळी भेंडी दिलीस, तर शिळी पट्टी बांधीन," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तो दात-ओठ खात ताज्या टोपलीला हात घाली. त्याची बायकोही कमी नव्हती. बाईंचा हात म्हणजे वरवंटा आहे, असं ती गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणे. बाई तिला दिवसभर खोक्यावर बसवून ठेवत आणि टाच जमिनीला लागली तर उद्यापासून येणार नाही, असं दरडावत. तिघांचं एकमेकांशी एक अक्षर गोड नव्हतं. जखमेला मात्र यातलं काही कळत नव्हतं. ती आपली भरत चालली होती.

ती शर्टाच्या बटणाएवढी उरली, त्या सकाळी बाईंच्या हातातला कापूस थांबला. ही जखम मिटली, की आपली भाजी मिटली. जरा कमी साफ केली तर? पट्टी एक दिवसाआड केली तर? कोणाला कळणार होतं? अजून दोन महिने निघाले असते. त्या इतका वेळ नुसत्या बसून राहिल्या, की भाजीवालीण म्हणाली, डुलकी लागली की काय. बाई उठल्या, कोपरापर्यंत हात पुन्हा धुऊन आल्या आणि त्यांनी ती जखम नेहमीपेक्षाही जास्त निगुतीनं साफ केली. भाजीवालीण कळवळली. बाईंनी तिला गप्प बस म्हटलं, आणि बहुधा स्वतःलाही.

पुढच्या पंधरवड्यात टाच कोरडी ठणठणीत झाली. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं बाईंची पिशवी भरता भरता सांगून टाकलं, की ही शेवटची. उद्यापासून सगळ्यांना जो भाव, तोच तुम्हाला. आभाराचा शब्द नाही. बाईंनीही मागितला नाही. त्यांनी अख्खा बाजार पायाखाली घातला, गाळ्यागाळ्यावर भाव विचारला. उद्यापासून निम्म्या पैशांत निम्मीच पिशवी भरणार होती. घरी पोचायला दहा वाजले.

पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप सुरू केली. त्या भाजीवाल्याला म्हणे आज त्यांनीच सोडलं. भाव आणखी खाली आणत नाही म्हणजे काय? तो गाळ्याच्या खांबाला मिठी मारून रडला. बाजारानं दोन मिनिटं तराजू खाली ठेवले. एक म्हातारा टोमॅटोवाला तर गाव सोडून निघाला होता, त्याला लोकांनी समजूत घालून परत आणलं. आणि नदीपलीकडच्या मंडईत बाईंची कीर्ती आधीच पोचली आहे, तिथं उद्यापासून याहून स्वस्त.

वहिनी पालक निवडत होत्या. त्यांनी नाक मुरडलं नाही. भाऊंनी पेपर खाली केला.

"खोटं," वहिनी म्हणाल्या. "सगळं खोटं बोलताय, वन्सं. तुम्हाला विचारत ती भाजीवाली मघाशी इथं आली, बरी झालेली टाच दाखवून गेली. आपले तीन जिने चढून आली, कठड्याला हात न लावता."