तोतया कोणाकडून आला

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या बाजारात ऑलिव्ह तेल विकणारा बशीर सडपातळ होता आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. बहीण नझीहाकडे जेवायला आला की तो मेहुण्याच्या, तौफीकच्या, पोटावर थाप मारून विचारायचा, "कितवा महिना?" तौफीक हसून खजूर भरलेली आणखी एक मकरूद वडी तोंडात टाकायचा.

छातीत कळ आली ती मात्र बशीरला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. गाडी काढून त्याला दवाखान्यात पोचवलं तौफीकनेच.

नझीहा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कोलेस्टेरॉल बेताचं असूनही हे कसं झालं म्हणून डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए मोजायला लावलं. आकडा असायला हवा त्याच्या चौपट निघाला. खाटेशी बसून तिने भावाला सांगितलं, की या चरबीच्या कणाला एक प्रथिन चिकटलेलं असतं. दिसायला ते गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनासारखंच. त्याची जागा अडवून बसतं, पण काम काडीचं करत नाही.

"म्हणजे तोतया," बशीर म्हणाला. "पण माझं खाणंपिणं तर..."

"खाण्याने नाही येत ते. जन्मतःच मिळतं, आईकडून नाहीतर बाबांकडून. आणि वर तुझ्या सिगारेटी."

एकोणऐंशी वर्षांच्या मंजियाने, त्यांच्या आईने, निकाल तिथेच लावून टाकला. हे सासरकडूनच आलं, त्या घराण्यात सगळेच तोतये. नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झालेली, त्यामुळे उलट बोलायला कोणी नव्हतं.

नझीहाने आईचं रक्त तपासलं. आकडा मुलापेक्षाही जास्त.

"मग मी धडधाकट कशी?"

"सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. आणि तू कुठे सिगारेट ओढतेस, आई?"

मंजियाने मुलापुढे हात केला, आणि बशीरने निमूटपणे खिशातलं सिगारेटचं पाकीट तिच्या हातावर ठेवलं.

त्याच्या मुलीचं, सिरीनचं, रक्त घेताना मुलगी मोबाइल बघत होती आणि बापाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचा आकडा अगदी साधा आला. बशीर तोंड धुवायच्या निमित्ताने उठून गेला.

शुक्रवारी मंजिया नवऱ्याच्या कबरीवर जाऊन आली.

"माफी मागितलीस?" नझीहाने विचारलं.

"माफी कसली? एवढ्या एका बाबतीत तुमची चूक नव्हती, इतकं त्यांना कळवून आले."