थांब्यावरचं बुजगावणं

बिबट्यासाठी कॅमेरा घ्यायला मी घोडेगावला विपुलशेठच्या दुकानात गेलो. एक कॅमेरा स्वस्त होता, पण फोटो आतच साठवायचा. दुसरा थेट मोबाईलवर धाडायचा. मी दुसराच घेतला. बिबट्या येऊन गेल्यावर फोटो बघून काय त्याची आरती ओवाळायची?

बिबट्या फिरकलाच नाही. बायको, सरूबाई, म्हणाली, "बिबट्याचं ऱ्हाऊ द्या. आपल्या डिंभ्याची बस कवा येती ते तरी बघा."

मी कॅमेरा गावाआधीच्या वळणावर आंब्याला बांधला. बसचा फोटो आला की मी गावाच्या ग्रुपवर टाकायचो, मगच लोक घरातून निघायचे. पण लोक पोचायच्या आत बस यायची, आणि थांबा रिकामा दिसला की ड्रायव्हर थांबेना! मग सरूबाईनं शेतातल्या बुजगावण्याला माझा लाल शर्ट घालून ते थांब्यावर उभं केलं. बस थांबू लागली.

एकदा कुणालाच जायचं नव्हतं, तरी बस बुजगावण्यासाठी थांबली. कंडक्टर खाली उतरून त्याला शिव्या देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मला मंचरला जायचं होतं. बुजगावणं बाजूला ठेवून, त्याचाच शर्ट घालून, दोन्ही हातांत पिशव्या धरून मी उभा राहिलो. बस आली आणि सुसाट गेली. दारातून कंडक्टर ओरडला, "आज न्हाई फसायचो, बुजगावण्या!"